नळ स्टॉपजवळच्या अनोळखी मदतनीसांचे आभार
पुण्यात कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपजवळ उभी केलेली आमची गाडी परत सुरू होईना; चावी फिरवूनही डॅशबोर्डवरचा एकही दिवा लागत नव्हता की हॉर्न वाजत नव्हता. अशा वेळी आपणहून थांबलेल्या आणि नावही न सांगता निघून गेलेल्या त्या दोघांचे मी मनापासून आभार मानते. नवी बॅटरी घ्या, असे सांगून मोकळे होणे सोपे होते. परंतु त्यांतील काकांनी आधी व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर लावला. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांदरम्यान १२.६ व्होल्ट, म्हणजे ती पूर्ण चार्ज होती. मात्र चावी चालू ठेवून मल्टिमीटरची काळी पिन निगेटिव्ह टर्मिनलवरून उचलून इंजिनाच्या धातूवर टेकवताच आकडा जवळजवळ शून्यावर आला. दोष बॅटरीत नसून अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक गाडीच्या धातूशी जोडणाऱ्या, जोडणीत आहे, हे त्यांनी माझ्या मुलालाही शांतपणे समजावून सांगितले, आणि मला त्याचे मोल दुरुस्तीहून अधिक वाटते. निगेटिव्हचा क्लॅम्प काढल्यावर आत पांढरट-हिरवा थर साचलेला दिसला. सोबतच्या तरुणाने तो पॉलिश पेपरने घासून नट आवळला आणि गाडी सुरू झाली. इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास चार्जिंग मिळते आहे, याची खात्री करूनच ते निघाले. पैसे तर त्यांनी घेतलेच नाहीत. हा मजकूर त्यांच्या वाचनात यावा, एवढीच इच्छा आहे.