चिंगीची बुट्टी पिल्लाला देऊ नकोस

शहापूर, बेळगाव
८ ऑक्टोबर

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर मी एकदम आवाज चढवून "ती बुट्टी आधी घराबाहेर काढ" म्हणाले आणि तू फोन ठेवलास, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बोलण्यात अर्धे राहून जाते आणि उरलेल्या अर्ध्याचा राग येतो. कागदावर तेच सावकाश सांगता येते. गणपतीला आली होतीस तेव्हा आपल्या गेलेल्या मांजरीची, चिंगीची, निजायची बांबूची बुट्टी आठवण म्हणून तू पुण्याला नेलीस. ती ओल्या फडक्याने पुसून, आत जुना टॉवेल घालून मीच तुझ्या पिशवीत ठेवली होती, तेव्हा यात चूक कोणाची असेल तर ती माझी आहे. पण पार्किंगमध्ये सापडलेले पाच आठवड्यांचे पिल्लू तू घरी आणलेस आणि त्याला त्याच बुट्टीत निजवणार आहेस, हे ऐकले आणि माझ्या पोटात गोळा आला.

चिंगी कशाने गेली ते मी तुला तेव्हा पुरते सांगितले नव्हते. तुझी परीक्षा जवळ आली होती आणि माझी सांगण्याची तयारीही नव्हती. नागपंचमीच्या आधी तीन दिवस तिने खाणे सोडले, दोनदा पिवळट फेस ओकली, आणि मग पाण्याच्या वाटीवर मान घालून नुसती बसून राहिली. हनुवटी पाण्याला टेकलेली होती, पण जीभ बाहेर येत नव्हती. मी म्हटले, तहान लागली असेल, म्हणून वाटी आणखी पुढे सारली, तर ती वाटीबरोबर तशीच पुढे सरकली. डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. या रोगाला पॅनल्यूकोपेनिया म्हणतात आणि त्या नावाचा अर्थही तोच आहे, सगळ्या पांढऱ्या पेशी कमी होणे. बोलताना लोक मांजरांचा पार्व्हो म्हणतात. सलाईन लावली, ओकारीचे इंजेक्शन दिले, तरी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. त्याच आठवड्यात आपल्या गल्लीत पत्र्याच्या शेडखालची तिन्ही पिल्लेही गेली, हे मला नंतर कळले.

चिंगीला लस दिलेली नव्हती. घरातले मांजर, फार तर मागच्या परड्यापर्यंत जाते, त्याला कशाची लस, असे मीच म्हणत असे. या रोगाचा विषाणू चपलेच्या तळव्याला लागूनसुद्धा घरात येतो, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मी खाली बघून माझ्याच चपला पाहत बसले होते. माणसाला त्याचा काही त्रास होत नाही, तेव्हा तुझ्या बाबांची किंवा स्वतःची काळजी करत बसू नकोस. पण तो फार चिवट आहे. घरातल्या वातावरणात तो एक वर्षापर्यंत टिकू शकतो, थंडीने मरत नाही, आणि नुसत्या साबणाने किंवा डोळ्यांना दिसणाऱ्या स्वच्छतेने जात नाही. बांबूच्या विणीत तर शेकडो फटी असतात आणि त्यांत औषध पोहोचवण्याचा खात्रीचा उपाय नाही. म्हणून ती बुट्टी आणि आतला टॉवेल दोन पिशव्यांत बांधून टाकून दे. मन होत नसेल तर आधी फोटो काढून घे, पण टाक. ती जिथे ठेवली होती ती फरशीही, पिल्लू दुसऱ्या खोलीत असताना, मी पुढे सांगते तशी धुऊन काढ. आणि पुढचे दोन आठवडे पिल्लू ओकले किंवा त्याने दूध-खाणे सोडले, तर सकाळपर्यंत वाट न पाहता त्याच रात्री डॉक्टरांकडे जा.

घर धुण्याच्या बाबतीत मी जो मूर्खपणा केला तो तू करू नकोस. चिंगी गेल्यावर मी सगळे घर फिनाइलने तीन वेळा पुसले, इतके की शेजारच्या काकूंनी विचारले, घरात काही कार्य आहे का. डॉक्टरांनी ऐकले आणि कपाळाला हात लावला. फिनाइलने हा विषाणू मरत नाही, आणि मांजराच्या यकृताला त्यातली फिनॉलसारखी द्रव्ये पचवता येत नाहीत. फरशीवरून चालून मांजर पाय चाटते आणि ते विष पोटात जाते. पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशके सहसा त्याच जातीची असतात. तेव्हा घरात असलेले फिनाइल मी गच्चीवरच्या संडासात नेऊन ठेवले आहे, आणि तूही तुझी बाटली कुलपात ठेव.

उपयोगी पडते ते साधे, वास न घातलेले ब्लीच. आधी फरशी साबणाने घासून धुवायची, कारण घाण राहिली तर ब्लीचची ताकद त्या घाणीतच खर्च होते. मग एक भाग ब्लीचला ३२ भाग पाणी, म्हणजे चार लिटर पाण्यात साधारण सव्वाशे मिलिलिटर ब्लीच, असे करून फरशी दहा मिनिटे ओली ठेवायची आणि शेवटी स्वच्छ पाण्याने पुसून कोरडी करायची. पाणी रोज नवे करावे लागते, कालचे आज चालत नाही. खिडक्या उघड्या ठेव, आणि संडास-बाथरूमच्या ॲसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नकोस, त्यातून विषारी वायू निघतो. मी आपली शहाबादी फरशी, उंबरे, शिवणाच्या मशीनचे लोखंडी पाय आणि जिन्याच्या पायऱ्या अशा धुतल्या. घड्याळ लावून दहा मिनिटे थांबणे हे सगळ्यांत कठीण होते; कोरडी पडत चाललेली फरशी बघून हात पुन्हा फडक्याकडे जातो. तुझ्या बाबांना तो वास सोसत नाही, ते प्रत्येक वेळी कट्ट्यावर जाऊन बसत. चिंगीचा प्लॅस्टिकचा ट्रे, खाण्याची ताटली आणि नारळाच्या काथ्याचा पायपुसणा मी टाकून दिला. परड्याला मात्र इलाज नाही. मातीत ब्लीच ओतून काही साधत नाही, आणि पेरूच्या झाडाखाली ती रोज जात असे. तिथे फक्त ऊन आणि काळ काम करतो, म्हणून नवे मांजर वर्षभर तरी परड्यात जाणार नाही. सुतार बोलावून मागच्या दाराला जाळीचे दुसरे दार करून घेतले आहे.

आता वाकळीचे सांगते. तुझ्या आजीच्या दोन इरकली लुगड्यांची ती वाकळ, जिच्यावर चिंगी दुपारी निजत असे, तिच्यावर मी चार दिवस नुसती नजर ठेवून होते. ब्लीचमध्ये घातली असती तर काठाचा रंग उतरला असता आणि आजीने घातलेले टाके सुताबरोबर सुटले असते. उन्हात वाळत घातली तर डोळ्यांना बरे वाटले असते, पण तेवढ्याने मी नव्या मांजराला तिच्यावर निजू दिले नसते. शेवटी ती प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत घालून, तोंड दोऱ्याने शिवून, लोखंडी ट्रंकेत ठेवली आणि ट्रंकेला कुलूप लावले. पुढच्या दिवाळीनंतरच ती उघडायची. पिशवी शिवताना वरच्या काठात चिंगीचे पिवळे-पांढरे केस अडकलेले दिसले. ते मी काढले नाहीत.

आता तुझ्या पिल्लाविषयी. तू त्याला दिवाळीला आणणार म्हणतेस, आणि मला ते आणू नये असे वाटत नाही, हे आधी लिहिते. तुझ्या बाबांचे तर विचारूच नकोस. आजही मासळी आणली की शेपटीचे तुकडे ते वेगळे काढतात आणि मग ताटलीकडे बघून मुकाट्याने बाहेर नेतात. पण हिशेब कर. हा रोग आणि मांजरांच्या सर्दीचे दोन रोग, अशा तिन्हींवरची जी एकत्र लस मिळते तिचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात, आणि पुढे तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पुन्हा पुन्हा देतात. एकदा देऊन का भागत नाही, हे मीही विचारले होते. आईच्या दुधातून आलेले संरक्षण काही आठवडे टिकते आणि तेच लसीला निकामी करते. ते कोणत्या आठवड्यात ओसरेल ते प्रत्येक पिल्लाचे वेगळे. तुझे पिल्लू आज पाच आठवड्यांचे धरले तर सोळा आठवडे डिसेंबरच्या शेवटी भरतात, आणि शेवटच्या डोसानंतर आणखी दोन आठवडे दिले तर तारीख सरळ संक्रांतीवर येते. तेव्हा दिवाळीला तू एकटी ये आणि पिल्लाला तुझ्या मैत्रिणीकडे ठेव, तिच्याकडे दुसरे मांजर नाही असे तूच म्हणाली होतीस. दुसरेही कारण आहे. दिवाळीत आपल्या गल्लीत फटाक्यांनी कौले हादरतात, आणि १ नोव्हेंबरला इकडे कन्नड राज्योत्सवाचे डीजे आणि तिकडे मराठी लोकांच्या काळ्या दिनाची फेरी. माणसांनासुद्धा त्या दिवशी कोठे जावे कळत नाही, मग नवख्या जीवाने काय करावे.

तोपर्यंत त्याला गाईचे दूध देऊ नकोस, पिल्लांचे वेगळे दूध मिळते ते आण आणि हळूहळू मांसाच्या ओल्या खाण्यावर ने. पुढेही दूध-भात किंवा कुत्र्याचे खाणे यांवर ठेवून चालणार नाही, कारण मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य पुरेसे लागते आणि ते मांस-मासळीतून मिळते. ते कमी पडले तर हृदय पसरट होऊन निकामी होते, हे १९८७ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. बारा आठवड्यांनंतर रेबीजची लसही विसरू नकोस.

घरातली खरी अडचण माझ्या धंद्याची आहे. शिवणकामाच्या घरात दोरा कोठे नाही? मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच जातो. एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकले आणि दुसरे पुढे सरकत राहिले की, परकराची नाडी ओढल्यावर जशा चुण्या पडतात तसे आतडे गोळा होते आणि दोरा आतून कापत जातो. असा दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसेच उचलून डॉक्टरांकडे न्यायचे, हे तूही लक्षात ठेव. मी मशीन पुढच्या खोलीत हलवले आहे, रिळे आणि सुया घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत गेल्या, आणि रात्री दिवा बंद करण्याआधी केरसुणीने चिंध्या-दोरे काढून बाहेरच्या डब्यात टाकण्याची सवय लावली आहे. पंधरा दिवस झाले, एकदा विसरले. बाबांच्या अंगदुखीच्या गोळ्याही खिडकीतून कपाटात गेल्या. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते. माळ्यावर उंदरांसाठी ठेवलेले विष काढून पिंजरा लावला.

मागची खोली त्याच्यासाठी रिकामी केली आहे. पहिले काही दिवस त्याला फक्त तीच खोली द्यायची, मग हळूहळू दार उघडायचे. वाळूचे दोन नवे ट्रे आणले, खाण्यापासून लांब ठेवले. निजायला फळ्यांची पेटी आणि धुता येईल असे जाड कापड, बुट्टी नाही. वरच्या कौलांत जिथून पूर्वी चिंगी पसार होत असे ती फट सुताराने बुजवली. कोपऱ्यावरच्या अज्जींनी हे सगळे बघून विचारले, "बेक्कु बंतेन्री?", म्हणजे मांजर आले का हो? मी म्हटले, अजून यायचे आहे, संक्रांतीला.

येताना गाडीने येशील तर निघण्याआधी तीन-चार तास त्याला खायला देऊ नकोस, तवंदी आणि वंटमुरीच्या घाटांत ते ओकेल. कोगनोळीच्या नाक्यावर गाडी थांबली तरी पेटीचे दार उघडू नकोस, कितीही रडले तरी. आणि त्याच्या रोजच्या ट्रेमधली मूठभर वाळू पिशवीत बांधून आण, इथल्या नव्या वाळूत ती मिसळली की त्याला जागा ओळखता येईल.

हे पत्र मिळाले की बुट्टीचे काय केलेस ते आधी कळव, परीक्षेचे नंतर सांग.

तुझी,
आई