वरच्या मजल्यावरच्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही लेकीकडे राहायला गेल्यापासून आपलं बोलणं फोनवरच होतं, आणि फोनवर तुम्ही स्वतःबद्दल चांगलं काही ऐकून घेत नाही. मी सुरुवात केली की ‘ते राहू दे, मुलांना दे फोन’ असं म्हणून मला गप्प करता. म्हणून हे पत्र. कागदावर तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण लहान मुलं असलेल्या प्रत्येक घराच्या डोक्यावर निवृत्त बालवाडीच्या बाई राहत नाहीत. आम्हाला तुम्ही मिळालात ते नशीब. त्यातलं थोडं वाटून टाकावं म्हणतो.

सगळ्यात आधी आभार मानायचेत ते तुम्ही जे कधीच बोलला नाहीत त्याचे. ‘हे दिवस परत येत नाहीत हं, मजा करून घ्या!’ रात्रभर जागलेल्या आईबापाला हे वाक्य ऐकवणाऱ्यांची मला खरंच चीड येते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मान्य. पण खांद्यावर रडणारं मूल आणि त्याच खांद्यावर त्याची उलटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकल्यावर आनंद होत नाही. आनंद होत नाहीये याचं ओझं तेवढं वाढतं. तुम्ही उलट एकदा जिन्यात सरळ म्हणालात, ‘कंटाळा येतो रे लहान मुलांचा. मला पगार मिळायचा, तरी यायचा. तुला तर फुकट करायचंय.’ मी इतका मोठ्याने हसलो की आतून बायको बघायला आली. तुम्ही तिलाही तेच सांगितलंत. त्या दिवशी घरातली हवा हलकी झाली, बाई. जन्मभर मुलांमध्ये राहिलेल्या माणसाने कंटाळ्याला परवानगी दिली होती!

नंतर मला कळलं की हे मोजलंही गेलंय. २००४ साली मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवून लिहायला सांगितला आणि प्रत्येक वेळी कसं वाटत होतं तेही नोंदवायला सांगितलं. त्यात मुलांना सांभाळणं बरंच खाली आलं. टीव्ही बघणं, खरेदी, स्वयंपाक हे सगळं त्याच्या वर. ही बातमी त्या वेळी बरीच गाजली, आणि मुलं म्हणजे आनंदाचा ठेवा असं मानणाऱ्यांना ती झोंबलीही. मला मात्र ती खरी वाटते आणि अपुरीही. संध्याकाळच्या तासाभरात बराचसा वेळ हरवलेला बूट शोधण्यात, ‘नको, ते तोंडात नको’ म्हणण्यात आणि भांडण सोडवण्यात जातो. मध्येच अर्धा मिनिट असं काही घडतं की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तासाची सरासरी काढली की ते अर्धं मिनिट बुडून जातं. तुमचा सगळा कारभार त्या अर्ध्या मिनिटाचा होता.

धाकट्याच्या चमच्याचं प्रकरण आठवतं? तेव्हा तो वर्षाचाही नव्हता. उंच खुर्चीवर बसायचा आणि चमचा खाली टाकायचा. आम्ही उचलून द्यायचो, तो पुन्हा टाकायचा. तुम्ही दारातून बघत होतात. म्हणालात, ‘तो टाकत नाहीये, बघतोय. चमच्याऐवजी कागद देऊन बघ.’ मी कागदाचा तुकडा दिला. त्याने सवयीने हात मोकळा केला आणि चमच्याच्या वेगाने नजर खाली नेली. कागद अजून वरच होता, डुलत डुलत येत होता. बाई, त्याचा तो चेहरा! जगाने आपल्याला फसवलंय की बक्षीस दिलंय, हे त्याला ठरवता येईना. मग कापडाचा रुमाल दिला, मग मोजा, मग प्लास्टिकचं झाकण. झाकण गरगरत दिवाणाखाली गेलं तेव्हा आम्ही सगळेच जमिनीवर आडवे होऊन बघत होतो.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तिन्ही मुलांच्या असल्या उद्योगांच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या. त्यांचा मुलगाही याच वयात हातातल्या वस्तू कधी हात सरळ वर नेऊन, कधी तिरका धरून सोडून द्यायचा आणि कुठे पडतात ते बघायचा. बालमानसशास्त्राच्या पायाचे काही दगड म्हणजे असा एका घरातला पसारा आहे. पियाजे यांच्या घरी त्या वस्तू पुन्हा पुन्हा कोण उचलत होतं याची नोंद मात्र माझ्या वाचनात आलेली नाही.

पुनरावृत्तीचं तुम्ही असंच सोपं करून टाकलंत. थोरलीला रोज रात्री तीच गोष्ट लागायची. ससा, विहीर, विहिरीत पडलेली टोपी. एक पान चुकवून पुढे जायचा प्रयत्न केला की डोळे मिटलेल्या अवस्थेतून आवाज यायचा, ‘टोपी राहिली.’ मी तुमच्याकडे नव्या गोष्टी मागायला आलो, तर तुम्ही दिल्या नाहीत. म्हणालात, ‘तिला पुढचं माहीत असण्याची मजा आहे. आपल्याला पुढचं माहीत नसेल तर मजा येते, एवढाच फरक.’ तीन वर्षांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकलेल्या मुलांना त्यातले नवे शब्द जास्त चांगले लक्षात राहिले, आणि तेच शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकलेली मुलं मागे पडली. म्हणजे पोरीचं बरोबर होतं. पण मला त्याहून उपयोगी पडली ती तुमची युक्ती: वाचताना पुस्तकाकडे बघू नकोस, तिच्याकडे बघ. गोष्ट तुला पाठ आहे. तेव्हापासून टोपी विहिरीत पडायच्या आधीच्या ओळीला तिच्या पायाची बोटं कशी आखडतात, हे मी रोज बघतो. गोष्टीचा मला अजूनही कंटाळा येतो. बोटांचा येत नाही.

जिन्याबद्दल तर वेगळं पत्र लिहावं लागेल. आपल्या इमारतीचा जिना मोठ्यांसाठी खाली जायचं साधन आहे आणि मुलांसाठी ते जायचं ठिकाण. प्रत्येक पायरीवर काहीतरी असतं: मुंगी, भिंतीचा उडालेला रंग, कठड्यातून दिसणारं कुणाचं तरी डोकं. मी पाठीवर पिशवी, हातात पाण्याची बाटली घेऊन वर उभा असायचो आणि ‘चला, चला’ हा जप चालू असायचा. तुम्ही त्यावर मला मुलांच्या मनाबद्दल काही सुनावलं नाहीत. एवढंच म्हणालात, ‘दहा मिनिटं आधी निघत जा. पोरगी तीच राहणार, घड्याळ तुझ्या हातात आहे.’ इतका व्यवहारी सल्ला मला कुणी दिला नव्हता. संयम बाळगा असं सगळेच सांगतात, पण तो आणायचा कुठून ते कुणी सांगत नाही. माझ्यापुरता तो बराचसा त्या दहा मिनिटांतून येतो. उशीर होत नसेल तर मुंगी मलाही बघाविशी वाटते.

कपड्यांच्या घड्यांचंही तसंच. कपडे वाळून आले की मुलांना दुसऱ्या खोलीत गुंतवून ते काम उरकायची आमची पद्धत होती. तुम्ही मोज्यांचा ढीग मुलांच्या पुढ्यात ओतलात. काम तिप्पट वाढलं, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. घाईच्या दिवशी मी आजही त्यांना दुसऱ्या खोलीतच पाठवतो. पण सुट्टीच्या दिवशी थोरली जोड्या लावते. तिच्या हिशोबात लाल मोजा आणि निळा मोजा ही जोडी असू शकते, ‘कारण ते मित्र आहेत.’ धाकटा पडलेला मोजा उचलून आणून देतो, कुणी सांगितलेलं नसताना. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की दीड वर्षाची मुलंसुद्धा, समोरच्या अनोळखी माणसाची वस्तू पडली आणि त्याचा हात पोचत नसेल, तर स्वतःहून ती उचलून देतात, बक्षीस नसताना, शाबासकी नसताना. तुम्ही बालवाडीत हे आयुष्यभर पाहिलं असणार. आमच्या घरात ती मदत येत होती तीच मुळी ‘लुडबूड’ या नावाने.

फोनबद्दल तुम्ही एकदाही टोकलं नाहीत. टोकलं असतं तर मी कदाचित फोन आणखी घट्ट धरला असता. फोनमध्ये डोकं घातलं की आपला चेहरा कोरा होतो, आणि कोऱ्या चेहऱ्यावर मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला प्रयोग प्रसिद्ध आहे. आई बाळाशी नेहमीसारखी खेळत असते, मग थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हातवारे करतं, आवाज काढतं, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर मान फिरवतं. हे वाचून मी धास्तावलो आणि तुम्हाला सांगायला आलो. तुम्ही विचारलंत, ‘मग पुढे काय होतं?’ पुढे आई परत खेळायला लागते आणि बाळही हळूहळू परत येतं. ‘मग ते पण वाच की,’ म्हणालात. नंतर शोधल्यावर कळलं की ट्रॉनिक यांचंच आणखी एक निरीक्षण आहे: रोजच्या, साध्या, चांगल्या खेळातसुद्धा आई आणि बाळ यांचे सूर निम्म्याहून कमी वेळ जुळलेले असतात. बाकी वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवून घेणं. हे समजल्यावर मी घरात जास्त सैल झालो. संध्याकाळी फोन दुसऱ्या खोलीत असतो. कधी नसतो. दोन्ही चालतं.

पण बाई, हे सगळे सल्ले एका बाजूला ठेवले तरी तुमचा मोठा उपकार निराळाच आहे, आणि तो तुम्हाला माहीत नसावा. तुम्ही रोज विचारायचात, ‘आज काय नवीन?’ कचरा टाकायला जाताना, दूध घेताना, जिन्यात कुठेही. सुरुवातीला मी ‘काही नाही, चालू आहे’ म्हणून सुटायचो. तुम्ही हलायचा नाहीत. मग काहीतरी आठवून सांगावं लागायचं: आज धाकट्याने स्वतःच्या सावलीला पाय मारला. आज थोरली बाहुलीला म्हणाली, ‘फक्त पाच मिनिटं हं, बाबांना काम आहे.’ यावर तुम्ही पोट धरून हसलात आणि मी जरा उशिरा हसलो. तुम्हाला सांगायचं म्हणून मी दुपारपासूनच काहीतरी हेरून ठेवायला लागलो. आणि हेरायला लागल्यावर इतकं सापडायला लागलं की जिन्यात वेळ पुरेनासा झाला. गोष्टी आधीही घडतच असणार. त्यांना गिऱ्हाईक नव्हतं.

तुम्ही गेल्यावर पहिले काही दिवस मी दिवसभर जमवलेलं घेऊन जिन्यात उभा राहायचो आणि मग आठवायचं की वरचं दार बंद आहे. आता ते काम आम्ही दोघांनी आपसात वाटून घेतलंय. मुलं झोपली की बायको विचारते किंवा मी विचारतो. कधीकधी दोघंही इतके दमलेले असतो की उत्तराआधीच एकजण घोरतो. पण बहुतेक दिवशी निदान एक तरी गोष्ट निघते, आणि दुसऱ्याने ती पाहिलेली नसते. एकाच घरात, एकाच मुलांबरोबर राहून आमचे दिवस एवढे वेगळे असतात हे आम्हाला त्यातून कळलं. तिला धाकट्याचा जो खोडकरपणा माहीत आहे तो माझ्या वाट्याला येतच नाही. माझ्यासमोर थोरली जी गाणी रचते ती आई आली की बंद होतात.

इथे एक कबुली तुमच्याकडूनही हवी आहे. तुम्हाला ते ऐकायला खरंच आवडायचं, की तुम्ही मला वळण लावत होतात? बायकोचं म्हणणं, बाईंचा बालवाडीतला हातखंडा होता, त्यात मूल मोठं की लहान हा प्रश्नच नव्हता. मला वाटतं तुम्हाला आवडायचं. फोनवर विचारलं तर टाळाल, म्हणून इथे सगळ्यांसमोर विचारतोय.

बाकी खबर अशी. थोरलीची बडबड सध्या अखंड चालू आहे, खेळताना एकटीच स्वतःला सूचना देत असते: ‘आता हे इथे, नाही नाही, पडेल, आधी मोठं.’ तुम्ही म्हणाला होतात तसं मी मध्ये पडत नाही, नुसता ऐकतो. धाकट्याला ‘मी’ सापडलाय, त्यामुळे घरातली सगळी कामं तीच व्यक्ती करते आणि कुठलंच काम होत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही चौघं तुमच्याकडे येतोय. तारीख फोनवर ठरवू. थोरलीने बॅग आत्ताच भरलीय, त्यात एक लाल मोजा, विहिरीचं पुस्तक आणि तुमच्यासाठी ‘गुपित’ आहे, जे ती आल्या-गेल्या सगळ्यांना दाखवते. तुमच्या नव्या इमारतीला लिफ्ट आहे का, तेवढं कळवा. असली तर बटण कोणी दाबायचं हे आम्हाला निघण्याआधी ठरवावं लागेल. नसली तर दहा मिनिटं आधी निघू.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा बाबा