हरिश्चंद्रगडावरील त्या अनोळखी माणसांचे आभार

मित्रमैत्रिणींसोबतच्या भटकंतीतील हरिश्चंद्रगड आठवला, की कोकणकड्याच्या अंतर्वक्र कातळाआधी आणि केदारेश्वराच्या गुहेतील गार पाण्याआधी मनात येतात ती तेथील माणसे. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे चढताना दाट धुक्यात वाट दिसेनाशी झाली आणि आमच्या मैत्रिणीचा पाय मुरगळला, तेव्हा गुरे घेऊन परतणाऱ्या ज्या काकांनी तिची सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली, कारवीची काठी तोडून तिच्या हाती दिली आणि हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापर्यंत आमच्यापुढे चालत राहिले, त्यांचे आम्ही सर्व जण ऋणी आहोत.

गडावरील झोपडीत ज्या मावशींनी चुलीवर पाणी तापवून, त्यात मीठ घालून तिचा पाय शेकला, आमचे भिजलेले कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळत घातले आणि रात्री गरम पिठलं-भाकरी वाढली, त्यांनी पैसे मात्र फक्त जेवणाचेच घेतले. "पाय शेकायचे कसले पैसे, लेकी?" हे त्यांचे शब्द आजही कानात आहेत. सकाळी पाचनई गावाकडे उतरणाऱ्या, तुलनेने सोप्या वाटेने आम्हाला सावकाश उतरवणाऱ्या दोन्ही तरुणांचेही मनःपूर्वक आभार.

त्या परिसरातील कुणाच्या वाचनात हे आले, तर आमची कृतज्ञता त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवावी, ही नम्र विनंती.