सूचना: पात्रांचं सामान आणि नाणी

मंडळी, पुढच्या सत्राआधी आपापल्या पात्राचा कागद एकदा नीट तपासा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या आपल्या भूमिका वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत ५० नाण्यांचं वजन एक पौंड धरतात. म्हणजे तळघरातून उचललेली ३००० नाणी ६० पौंड भरतात, आणि ताकद १० असलेलं पात्र सगळं मिळून १५० पौंडच वाहू शकतं. चिलखत, दोर, शिधा त्यातच आला. तेव्हा थैल्या कोणाच्या पाठीवर आहेत ते आधी ठरवा, नाहीतर संधी मिळताच नाणी देऊन हलकी रत्नं घ्या.

सामायिक लुटीचा हिशोब यापुढे एकाच वहीत राहील. प्रत्येकाने वेगळा ठेवला की आकडे जुळत नाहीत आणि खेळायचा वेळ बेरजेत जातो. जादूची वस्तू कोणाकडे आहे, तेही तिथेच लिहा.

बाण मारला की लगेच खोडा. लढाई संपल्यावर आठवून कोणी खरं सांगत नाही! मिनिटभर शोधलं तर वापरलेल्यांपैकी निम्मे परत मिळतात, तेवढे वाढवून घ्या. मशाल तासभरच जळते.

जुनी शस्त्रं विकताना निम्मी किंमत मिळेल. घासाघीस जरूर करा, पण आटोपशीर. सराईतल्या जेवणाची तांब्याची नाणी मात्र मोजत बसणार नाही.