बाबांच्या फॉरवर्डवरून

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, गोठवलेल्या पेशींपासून मुंगसासारख्या प्राण्याचा क्लोन, म्हणजे हुबेहूब जुळा, बनवल्याचा तुमचा तो व्हिडिओ बघितला आणि कमाल म्हणजे तुमच्या ग्रुपवरचं हे फॉरवर्ड चक्क खरं निघालं. फक्त ते मुंगूस नाहीये हं, त्याला ब्लॅक-फूटेड फेरेट म्हणतात, आणि आमच्या डेन्व्हरलाच आर्सेनल म्हणून अभयारण्य आहे (पूर्वी तिथे केमिकल वेपन्सचा कारखाना होता, आता बायसन चरतात!) तिथे मी पोरांना घेऊन जाऊनही आले. व्हिजिटर सेंटरजवळ एक फेरेट ठेवलाय, लांबुळकं अंग, काळे पाय, डोळ्यांवर सिनेमातल्या चोरासारखी काळी पट्टी, पाइपातून एकदा मान काढली, आमच्याकडे बघितलं आणि गेला परत आत झोपायला. रात्रीचा प्राणी ना.

याचं सगळं पोट प्रेअरी डॉगवर. तो कुत्रा नाही, खारीच्याच घराण्यातला, माळरानावर बिळं करून मोठ्या वसाहतीत राहतो, आणि फेरेट त्यालाच खातो आणि त्याच्याच बिळात राहतो. आता रँचवाल्यांचं म्हणणं की हे प्रेअरी डॉग आमच्या गुरांचं गवत खातात, म्हणून सरकारनेच वर्षानुवर्षं विष घालून ते मारले, बरीचशी माळरानं नांगराखाली गेली, आणि फेरेट उपाशी मेले. 1979 ला पाळलेला शेवटचा गेला तेव्हा सगळे म्हणाले संपला. मग 1981 मध्ये वायोमिंगला मिटीट्सी गावाजवळ हॉग नावाच्या जोडप्याच्या शेप नावाच्या कुत्र्याने एक मारून आणला, नवऱ्याने तो फेकूनही दिला होता, पण बायकोला पेंढा भरून ठेवायची हौस, आणि पेंढा भरणाऱ्याने ओळखला म्हणून कळलं! तिथे शंभरावर सापडले, पण रोग आले आणि शेवटी उरलेले 18 पकडून आणले. त्यातल्या फक्त 7 जणांचा वंश पुढे चालला. 1991 पासून परत जंगलात सोडतायत. तुमच्या व्हिडिओतली एलिझाबेथ अ‍ॅन 2020 ला जन्मली, विला नावाच्या मादीच्या पेशी 1988 ला गोठवून ठेवल्या होत्या त्यातून. त्या 7 मध्ये विला नव्हती, म्हणून तिचं रक्त नवीन. नंतरच्या अँटोनिया या क्लोनला 2024 ला पिल्लंसुद्धा झाली.

पण मला विचाराल तर क्लोनचं कौतुक जरा जास्तच होतंय. खरा शत्रू प्लेग आहे. हो, तोच प्लेग, 1896 ला मुंबईत आला, मग पुण्यात, ज्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या, तीच साथ बोटींवरून 1900 ला सॅन फ्रान्सिस्कोला उतरली आणि पिसवांमार्फत इथल्या रानात कायमची बसली. प्रेअरी डॉगची अख्खी वसाहत बघता बघता साफ होते, फेरेटही मरतात. म्हणून माणसं बिळाबिळात पिसवा मारायची पावडर मारत फिरतात, हजारो बिळं, परत पुढच्या वर्षी तेच, रात्री स्पॉटलाइट टाकून फेरेटचे हिरवे चमकणारे डोळे शोधतात, पकडून प्लेगची लस टोचतात. प्रेअरी डॉगसाठी तर पीनट बटरच्या वासाच्या गोळ्यांत लस घालून बघितली. एवढं करूनही जंगलात 300 च्या आसपासच आहेत. या पावडरवाल्यांचा व्हिडिओ कोणी फॉरवर्ड करत नाही. आणि रँचवाल्यांनाही मी नुसती नावं ठेवणार नाही, स्वतःच्या जमिनीवर उपद्रवी प्राणी कोण सुखासुखी ठेवून घेईल?

आई, पणजी प्लेगात गाव सोडून शेतात झोपडी बांधून राहिली होती असं तू सांगायचीस ना, ते कुठल्या साली, कुठलं शेत, आत्याला विचारून ठेव, धाकटीला शाळेत प्लेगवर प्रोजेक्ट आहे आणि तिला ते घालायचंय. रविवारी फोन करते. बाबा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
मनू