डॉक्टरकाका, म्हैस वेळेवर व्याली

ती. डॉक्टरकाका यांना,
सा. न.

कादंबरी परवा छापायला गेली. ऋणनिर्देशात तुमचं नाव घालते म्हटलं तेव्हा तुम्ही हात झटकलात. ‘जनावरांच्या डॉक्टरचं नाव पुस्तकात कशाला? लोक हसतील. आणि हसले नाहीत तर रात्री-अपरात्री फोन करतील.’ बरं, नाही घातलं. इथंही घालत नाही. पण आभारच मानायचे नाहीत असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात, तेवढ्या फटीतून हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण समोर बसून बोलायला लागले की तुम्ही चहा संपवून उठता.

वाचणाऱ्यांसाठी मागचं थोडं सांगते. तुम्हाला ठाऊक असलेलं तुम्ही गाळा.

सांगलीत हरिपूर रस्त्याच्या आतल्या गल्लीत माझं घर. घरात मी, बंड्या नावाचा गावठी कुत्रा, मनी मांजर आणि तिचा थोराड झालेला लेक, सरकार. कादंबरीचा तो चौथा खर्डा होता. ४१२ पानं, एका बाजूला छापलेली, जेवणाच्या टेबलावर. प्रिंटरमधून ताजा आलेला कागद ऊबदार असतो, हे सरकारला माझ्याआधी कळलं. मी छापत जायचे आणि तो गठ्ठ्यावर बसून ‘मंजूर’ करत जायचा. सातव्या प्रकरणावर त्यानं बसण्यापलीकडचंही मत नोंदवलं. ते प्रकरण मी तसंही काढणारच होते.

‘लिहून झालं म्हणाली होतीस ना गणपतीत?’ शेजारच्या काकू विचारायच्या. झालं होतंच की. पण लिहून होणं वेगळं आणि आपणच लिहिलेल्या पानावर रोज सकाळी लाल पेन घेऊन बसणं वेगळं. मी संवाद मोठ्यानं वाचते. बंड्या पायाशी झोपलेला असला की समजायचं, माणसं बोलतायत. उठून दाराशी गेला की समजायचं, लेखिका बोलतेय. (खरं तर तो दूधवाल्याच्या वेळेला उठतो. पण दोन ओळी कापायला मला तेवढं निमित्त पुरतं.)

गेल्या श्रावणात बंड्यानं खाणं सोडलं. दोन दिवस मी पोटाचं काहीतरी समजून ताक-भात पुढं करत राहिले. तिसऱ्या दिवशी फरशीवर रक्ताचे थेंब दिसले, नाकातून पडलेले. काकूंनीच तुमचा नंबर दिला. ‘निवृत्त झालेत, आता कुठं जात नाहीत, पण विचारून बघ.’ भर पावसात तुम्ही स्कूटरवर आलात. रेनकोट काढायच्या आधी बंड्याचा ओठ वर करून हिरडी बघितलीत, कानाच्या मागून एक गोचीड ओढून काढलीत आणि म्हणालात, ‘ही बघा तुमची पाहुणी.’ गोचीड ताप. रक्त तपासून आणायला लावलंत, प्लेटलेट फारच खाली होत्या. दुसऱ्या दिवशी येऊन गोळ्या सांगितल्यात. आणि लिहून द्यायला कागद दिसेना म्हणून टेबलावरच्या गठ्ठ्यातलं वरचं पान उचललंत, उलटं केलंत आणि पाठीमागं लिहिलंत: डॉक्सीसायक्लिन, खाणं झाल्यावरच, २८ दिवस, मधे सोडायची नाही.

ते पान २१७ होतं.

पेनाचं टोपण लावता लावता तुम्ही पान सुलटं केलंत आणि उभ्या उभ्या वाचलंत. माझं सगळं लक्ष बंड्याकडे. मग तुमचा प्रश्न आला.

‘ही म्हैस भरवली कधी?’

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग सांगितलं, विसर्जनाच्या दिवशी. २०१८ चं विसर्जन, २३ सप्टेंबर. मिरवणूक बघायला गाव गेलेला, आणि माझ्या कादंबरीतली शेवंताकाकू म्हशीला घेऊन रेड्याकडे. तो प्रसंग मला फार आवडायचा, अजूनही आवडतो.

‘आणि व्याली?’

‘जूनच्या शेवटी.’

तुम्ही बोटांची पेरं मोजलीत. ‘बाई, गाय नऊ महिने नऊ दिवस. म्हैस दहा महिने दहा दिवस. तुमच्या म्हशीला एवढी कसली घाई?’

मी हसले. तुम्ही नाही हसलात. पुन्हा मोजलंत. ‘दोन ऑगस्ट. पाच-सात दिवस मागं-पुढं होतंच.’ रेनकोट चढवून निघून गेलात. जाताना ‘गोळी खाणं झाल्यावरच’ हे मात्र पुन्हा बजावलंत.

दोन ऑगस्ट २०१९, मागं-पुढं पाच-सात दिवस. सांगलीच्या माणसाला यापुढं काही सांगावं लागत नाही. बाहेरगावच्यांसाठी: पावसाळ्यात आमच्याकडे ‘बरं आहे का’ असं कुणी विचारत नाही, ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. त्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं. २००५ चा पूर बघितलेली माणसं ‘तेवढं काय येत नाही’ म्हणत घरात थांबली होती, आणि मग माळ्यावर चढली.

माझी कादंबरी त्याच आठवड्यात संपते. गाव नावेतून बाहेर पडतो आणि शेवंताकाकू मागं राहते. ती का राहते, हे माझ्या तीन खर्ड्यांत कुणालाच पटलेलं नव्हतं. एका संपादकांनी तर समासात तीनदा ‘का?’ लिहून पाठवलं होतं. (म्हशीचे दिवस मात्र त्यांनीही मोजले नव्हते, एवढी तक्रार करून घेते.) त्या ‘का’साठी मी काय काय केलं. नवऱ्याच्या आठवणी घातल्या. उंबऱ्यावर हात फिरवून रडायला लावलं. दीड पान स्वगत लिहिलं, ज्याला बंड्या दर वेळी उठून दाराशी जायचा, दूधवाल्याची वेळ नसतानाही.

आणि माझ्या हिशेबात त्या वेळी गोठ्यात होतं काय? महिनाभराचं, टणाटण उड्या मारणारं रेडकू.

त्या रात्री मी झोपले नाही. दिवस भरलेली म्हैस, नागपंचमीची संध्याकाळ, अंगणात पाणी, आणि दारात नाव आलेली. नावेत म्हैस घेत नाहीत. संपलं. स्वगत नको, उंबरा नको. पान ३१९ पासून पुढची ९४ पानं मी उचलली आणि सरकारखाली अंथरली.

नंतरचे २८ दिवस बंड्याचे होते तसेच माझेही. सकाळी त्याला अंडं-भात, मग गुळाच्या खड्यात गोळी, आणि मग मी लिहायला बसायची. ‘मधे सोडायची नाही’ हे तुम्ही कुणासाठी लिहिलं होतं कोण जाणे. तुम्ही आठवड्यातून एकदा यायचा, बंड्याची हिरडी बघायचा आणि मग, जणू दुसरा पेशंट आत झोपलाय अशा सुरात, ‘म्हैस कशी आहे?’

त्या चहाच्या कपांवर मी जे शिकले ते कुठल्या ग्रंथालयात बसून मिळालं नसतं. वेत जवळ आलं की शेपटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडतात. कास तटतटते. सारखी उठबस करते, वैरणीला तोंड लावत नाही. पान ३२६ च्या पाठीमागं तुम्ही रेडकाची पोटातली नीट स्थिती काढून दाखवलीत: पुढचे दोन पाय लांब आणि त्यावर टेकवलेलं तोंड. ‘घाटावरनं पोरं सूर मारतात बघा, तसं येतं. एक पाय मागं राहिला की अडलं.’ चित्र म्हणून ते अगदी सुमार आहे, सरकारच्या पंजाचा ठसाही त्यावर उमटलाय. मी ते पान फ्रेम करायला दिलंय.

तुम्ही दुरुस्त्या सांगितल्यात त्यापेक्षा तुम्ही काय राहू दिलंत ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शेवंताकाकू रेडकाला चीक पाजायला वार (व्याल्यावर मागून पडते ती जार) पडायची वाट बघते, असं मी लिहिलं होतं. मला वाटलं, आता रागावणार. तुम्ही खरंच चिडलात, पण लोकांवर. ‘चाळीस वर्षं सांगतोय, वार पडायची वाट बघू नका, आधी चीक पाजा.’ मी खोडायला पेन उचललं, तर म्हणालात, ‘असू दे. तिला कोण सांगायला होतं त्या रात्री? फक्त रेडकू थरथरतंय तेवढं लिहा.’ लिहिलं. पुस्तकातलं ते वाक्य तुमचं आहे.

आणि दावं. माझ्या खर्ड्यात म्हैस बांधलेली होती, पाणी चढत होतं, मी त्यातून ताण काढत बसले होते. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. कपातला चहा गार झाला. मग खाली बघत म्हणालात, ‘म्हैस बुडत नाही हो सहसा. दावं बुडवतं.’ त्या आठवड्यात तुम्ही स्वतः छावणीत जनावरांत होतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढं तुमच्या घरच्या काकूंकडून कळलं. पाणी ओसरल्यावर गोठ्यांत काय दिसलं, ते तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. शेवंताकाकू आता पहिल्यांदा विळा शोधते आणि दावं कापते. व्यायच्या आधी कापते.

त्याच पुरात माणसांसकट उलटलेली ब्रह्मनाळची नाव कादंबरीत आणायची का, हेही मी तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही नुसती मान हलवलीत. ती आली नाही. त्या घरांचं दुःख माझ्या शेवटाला जोर यावा म्हणून वापरायचं नव्हतं.

बाकी सगळं किरकोळ. ४१२ ची ३३८ पानं झाली. प्रकाशनाकडे फाइल गेल्यावर श्रीलिपीत, म्हणजे त्यांच्या छपाईच्या फॉन्टमध्ये, नेताना निम्मे रफार उडाले, ते मी आणि सरकारनं दोन आठवडे बसून शोधले. म्हणजे मी शोधले. बंड्याच्या प्लेटलेट वर आल्या आणि तो परत दूधवाल्यावर भुंकायला लागला. तुम्ही पैसे घेतले नाहीत. ‘बिल पुस्तक आल्यावर’ म्हणालात, म्हणून पुस्तकाबरोबर भडंगाचा पुडा आणि चिकाचा खरवस घेऊन येतेय. चीक म्हशीचा आहे. वार पडायच्या आधी रेडकाला पाजलं का, हे गवळ्याला विचारून घेतलंय. तुम्ही विचारणारच.

एक शेवटचं. पुढच्या महिन्यात बंड्याची रेबीजची लस आहे. याल तेव्हा टेबलावर नव्या कादंबरीची पहिली चाळीस पानं असतील, वरचंच पान उचला. त्यात एक शेळी आहे. पाच महिने धरलेत.

तुमची,
बंड्याची बाई
सांगली