होमस्कूलिंग करा, पण पोराचं नाव कुठल्यातरी हजेरीत असू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत होमस्कूलिंगच्या, म्हणजे मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्याच्या बाजूचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला होता, पण एक गोष्ट खटकली, ती म्हणजे सगळ्या लेखात शाळा म्हटलं की फक्त मार्क, घोकंपट्टी, दप्तराचं ओझं आणि भरमसाठ फी. आमच्या तालुक्यात शाळा म्हणजे एवढंच नाही आणि ते कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून हे पत्र.

माझी दोन्ही मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत. नणंद पुण्यात, तिने मुलाला दुसरीतूनच काढलं आणि घरी शिकवते, त्यामुळे दोन्ही बाजू घरातच बघायला मिळतात. तिचा मुलगा पावसाळ्यात आमच्याकडे राहायला येतो तेव्हा रोज सकाळी उठून अंगणात ठेवलेल्या बाटलीत किती पाणी साठलं ते पट्टीने मोजतो, वहीत लिहितो आणि आजोबांना विचारतो की तुमच्या लहानपणी एवढा पडायचा का. त्याला कोणी हे करायला सांगितलेलं नाही. माझ्या मुलीला चौथीत पर्जन्यमापक हा धडा होता, तिने व्याख्या पाठ केली, पेपरात लिहिली, मार्क मिळाले, विषय संपला. हा फरक मला दिसतो आणि तो मी नाकारणार नाही. घरी शिकणाऱ्या मुलाला एका गोष्टीत दिवसभर रमता येतं, आणि तासाला घंटा वाजणाऱ्या शाळेला ते जमत नाही.

मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण सगळ्यांना माहिती आहे. आईने सातवीत शाळेतून काढलं, मुलगी प्रोग्रॅमिंगमध्ये बुडाली, इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाड या प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत देशासाठी पदकं आणली आणि २०१६ मध्ये अमेरिकेत एमआयटीला गेली. आपल्याकडच्या आयआयटीत मात्र तिला जाता आलं नाही कारण बारावीचं सर्टिफिकेट नव्हतं. आणि मागे जायचं तर पंडिता रमाबाई, त्या कुठल्या शाळेत गेल्या होत्या? आईवडिलांनीच संस्कृत शिकवलं. पण त्यांनी पुढे काय केलं तेही बघा, १८८९ मध्ये मुंबईत विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं, कारण अनंतशास्त्री डोंगऱ्यांसारखा बाप प्रत्येक मुलीच्या वाट्याला येत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं असणार.

माझं म्हणणं इथेच आहे. होमस्कूलिंग चांगलं की वाईट हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे, आणि शाळा काढल्याच मुळी अशासाठी की मुलाचं शिक्षण त्याच्या घरावर अवलंबून राहू नये. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मांडलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा एक रुपया ही काही लहान रक्कम नव्हती. महाराजांना माहिती होतं की आईबाप प्रेम करतात म्हणून मुलाला शिकवतीलच असं नाही, गरिबी असते, रूढी असते, शेतात हात कमी पडतात.

नणंदेने बँकेतली नोकरी सोडली तेव्हा कुठे हे जमलं. तिच्या मिस्टरांचा पगार चांगला आहे, घरात पुस्तकं आहेत, इंटरनेट आहे. लेखात "पालक वेळ देतात" असं लिहिलंय, तो वेळ देणारी जवळपास सगळीकडे आईच असते आणि तिचं करिअर, तिचं पीएफ, तिची स्वतःची ओळख हे सगळं त्यात जातं, त्यावर एक ओळ तरी पाहिजे होती. आमच्या गल्लीत एक आई सकाळी सातला दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते, ती काय होमस्कूलिंग करणार. आणि हा प्रयोग आपण सगळ्यांनी मिळून केलाय की, मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या त्या पहिली ते चौथीच्या मुलांसाठी उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. एका घरात एकच मोबाईल, तो बापाबरोबर कामावर. आमच्या शाळेत त्या काळातली मुलं चौथीत आली तरी जोडाक्षरं अडखळत वाचायची, बाईंनी परत बाराखडीपासून घेतलं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते ती. आमच्याकडे आठवीतली एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. वर्गशिक्षिका बाई तिच्या घरी गेल्या. आधी सांगितलं बरं नाही, मग सांगितलं घरकामाला मदत लागते, दुसऱ्यांदा गेल्यावर कळलं की स्थळ बघून झालंय. बाईंनी शांतपणे सांगितलं की अठराच्या आत लग्न लावलं तर गुन्हा आहे आणि ग्रामसेवकाला मला कळवावंच लागेल. लग्न थांबलं, मुलगी परत वर्गात बसली. हे सगळं कशामुळे झालं, तर हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे गैरहजेरी लागत होती आणि ती कोणालातरी दिसत होती. "आम्ही घरीच शिकवतो" एवढं सांगून भागलं असतं तर बाईंना दारातूनच परत फिरावं लागलं असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची पोरं दिवाळीनंतर आईबापाबरोबर फडावर जातात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं निघाली तीसुद्धा पटावर नाव होतं आणि पोरगं वर्गात दिसत नव्हतं म्हणून. पुण्यातल्या सुशिक्षित घराला दिलेली मोकळीक आणि या मुलांना शाळेतून गुपचूप काढून घ्यायची पळवाट ही एकाच नियमातून जाते, म्हणून तो नियम जपून करायला पाहिजे.

सरकारी शाळांची बाजू घेते म्हणजे तिथे सगळं छान आहे असं नाही. दोन शिक्षक आणि चार वर्ग, त्यात एकजण बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या ड्युटीवर नाहीतर कुठलीतरी माहिती ऑनलाईन भरत बसलेला, हे मी दर महिन्याला बघते. कल्पक मूल मागे पडतं, हळू शिकणारं आणखी मागे पडतं. पण अशाच जिल्हा परिषदेच्या, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राईझ मिळालं, म्हणजे माणूस आणि मोकळीक मिळाली की या शाळा काय करू शकतात ते दिसलंय. आणि आपण काय करतोय, तर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचं बोलतोय. २०२३ मध्ये सरकारनेच दिलेला आकडा १४,७८३ शाळांचा होता, त्यात साधारण १ लाख ८५ हजार मुलं. डोंगरातल्या वाडीवरची शाळा गेली की तिथल्या मुलींचं नाइलाजाने होमस्कूलिंगच होणार आहे, फक्त त्यात स्कूलिंग नसेल.

कायद्याचं म्हणाल तर आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, न घातल्यास शिक्षा काही नाही, आणि होमस्कूलिंगवर कायदा गप्प आहे. त्यामुळे नणंदेसारखे लोक अधांतरी. पुढे एनआयओएस या केंद्राच्या मुक्त विद्यालयातून नाहीतर राज्य बोर्डाचा १७ नंबर फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, ते ठीक, पण त्याआधी मुलाकडे शाळेचा दाखला नाही, आणि आपल्याकडे जातीच्या दाखल्यापासून सगळीकडे आधी तोच कागद मागतात. शाळेतून देतात ती स्कॉलरशिपची परीक्षा नाही, शाळेतली आरोग्य तपासणी नाही, तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा नाहीत. भाचा संध्याकाळी पाच वाजले की गॅलरीत जाऊन उभा राहतो, सोसायटीतली मुलं स्कूल बसमधून कधी उतरतात ते बघत.

म्हणून माझी सरकारला आणि तुमच्या पेपरलाही विनंती आहे की होमस्कूलिंगला मान्यता द्या पण नोंदणीसकट द्या. मूल घरी शिको, त्याचं नाव जवळच्या सरकारी शाळेच्या पटावर वेगळ्या रकान्यात असावं, वर्षातून दोनदा शिक्षकाने त्याला समोर बसवून बोलावं, परीक्षा घेऊ नये, नुसतं बोलावं आणि वाचून घ्यावं. खेळाच्या तासाला, सहलीला, गॅदरिंगला त्याला येता यावं आणि सातवीत वाटलं तर सरळ वर्गात बसता यावं. यासाठी शिक्षक लागतील, म्हणून आधी रिकाम्या जागा भरा आणि वाडीवरच्या शाळा बंद करायचा विषय सोडा. पुढच्या पुरवणीत एखाद्या चार वर्ग सांभाळणाऱ्या बाईंची मुलाखत घेतलीत तर फार बरं होईल.

आपली,
एक पालक, कोरेगाव, जि. सातारा